टाकीतला मासा तळ्यात सोडू नका

"आता सांभाळणं जमत नाही. तळ्यात सोडून येतो, सुटेल बिचारा." हे मी इतक्या मायाळू माणसांच्या तोंडून ऐकलंय की त्यांच्यावर रागावताही येत नाही. लहानपणी मीही दोन गोल्डफिश असेच सोडले होते. पिशवी उलटी केली, ते झपकन दिसेनासे झाले आणि फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की पोटात कालवतं.

त्या पाण्यात आधीपासून कुणीतरी राहत असतं. गोल्डफिश तळ उकरून खातो, त्यामुळे पाणी गढूळ होतं, खालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. इतर माशांची अंडीही तो खातो. टाकीत बोटाएवढा राहिलेला हा मासा मोकळ्या पाण्यात फूटभर होऊ शकतो. आणि नवं पाणी ज्याला मानवत नाही, तो मासा मरतो. मग सुटका झाली कुणाची?

लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ दिसला. हौशी लोकांच्या टाक्यांमधूनच तो तिथे पोहोचला असावा, असं अभ्यासक मानतात. आज कॅरिबियनच्या प्रवाळांवर तो लहान मासे फस्त करत फिरतो. एक मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी घालते. आता तिथून त्याला कोण परत आणणार?

वनस्पतींचं तर आपण मनावरच घेत नाही. 'पाला तर आहे' म्हणून टाकी धुतलेलं पाणी सरळ गटारात. कौलर्पा नावाचं हिरवंगार शेवाळ मत्स्यालयांत शोभेला ठेवायचे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रात त्याचा जेमतेम चौरस मीटरभर तुकडा दिसला. पुढे त्यानं भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ व्यापला, कारण तुटलेल्या तुकड्यातूनही ते पुन्हा वाढतं. तेच शेवाळ २००० मध्ये कॅलिफोर्नियात सापडलं. तिथे मात्र लोक लगेच कामाला लागले. ताडपत्रीनं झाकून आत क्लोरीन सोडलं, वर्षानुवर्षं पाणबुडे तळ तपासत राहिले. २००६ मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं, पण तोवर सत्तर लाख डॉलरहून जास्त खर्च झाला होता. वेळेवर दिसलं म्हणून एवढ्यावर निभावलं. जलपर्णीसुद्धा फुलं सुंदर म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून जगभर नेली गेली.

जे नकळत येतं, त्याचीही मला धास्ती वाटते. २०२१ मध्ये अमेरिकेत टाकीत ठेवायच्या शेवाळाच्या गोळ्यांमध्ये झेब्रा शिंपले निघाले. हेच शिंपले तिथल्या पाणीपुरवठ्याच्या नळांत गच्च बसतात. गोळे नुसते फेकू नका. आधी गोठवा किंवा उकळा, मग कचऱ्यात टाका, असं लोकांना सांगावं लागलं.

म्हणून पाणवनस्पती पूर्ण वाळवून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. होडी आणि मासेमारीचं सामान एका पाण्यातून दुसऱ्यात नेताना धुवा, साचलेलं पाणी तिथेच ओता, सगळं कोरडं होऊ द्या. मासा दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. फारच आजारी असेल तर पशुवैद्याकडे न्या. त्याला वेदनेविना मरण देणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. तरीही मी तेच सांगेन.

घेणारं कुणी लगेच मिळणार नाही. चार ठिकाणी विचारावं लागेल, आठवडे जातील. तोवर तो टाकीतच राहू दे.