चेहरा कोणी पाहायचा आणि कुठे

गावाकडच्या वादांत परदेशाला साक्षीला बोलावण्याची आपली सवय जुनी आहे, आणि ती साक्ष अर्धीच लिहून घेण्याचीही. बुरखा आणि ओळखतपासणी या विषयावर नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथल्या परिचितांकडून मला जे मजकूर येतात, त्यांत दोन दावे सतत आढळतात. एक म्हणजे कॅनडासारख्या देशात तोंड झाकलेल्या बाईला विमानात पाऊल ठेवू देत नाहीत, लाड काय ते आपल्याकडेच चालतात. दुसरा नेमका उलटा आहे. तिकडे बाईच्या पोशाखाची कोणी चौकशी करत नाही, छळ काय तो आपल्याकडेच होतो. मी मॉन्ट्रियलमध्ये राहते. या शहरात हे दोन्ही दावे खोटे ठरतात आणि दोन्हींचा एकेक तुकडा खराही ठरतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पुढे ज्या पोशाखाबद्दल बोलायचे आहे तो चेहरा झाकणारा, म्हणजे नकाब किंवा नकाबासह घातलेला बुरखा. केस झाकणाऱ्या हिजाबाने ओळख पटण्यात काही अडचण येत नाही आणि तो या चर्चेत ओढण्याचे कारण नाही.

जुलै २०१० मध्ये मॉन्ट्रियलच्याच विमानतळावर एका प्रवाशाने एक चित्रफीत टिपली. लंडनच्या विमानात चढताना एका पुरुषाने सोबतच्या सगळ्यांचे पासपोर्ट एकगठ्ठा कर्मचाऱ्यांच्या हाती दिले आणि चेहरा झाकलेल्या दोन स्त्रिया कोणीही न थांबवता आत गेल्या. चित्रफीत पसरली, गदारोळ झाला, तेव्हाचे वाहतूकमंत्री जॉन बेअर्ड यांनी चौकशी लावली. पुढच्या वर्षी नियम स्पष्ट करण्यात आला. अठरा वर्षे वा त्याहून मोठ्या दिसणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचा पूर्ण चेहरा विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याने पाहायचा, तो ओळखपत्राशी ताडायचा आणि तो जुळत नसेल तर त्या प्रवाशाला विमानात घ्यायचे नाही. चेहऱ्यावर उपचाराची पट्टी असेल आणि सोबत डॉक्टरांचा दाखला असेल तर सवलत आहे. धर्माच्या कारणाने सवलत नाही. पहिल्या दाव्यातला खरा तुकडा एवढाच. मात्र या नियमात चेहरा पाहण्याची सक्ती आहे, तो चारचौघांत पाहण्याची नाही. स्त्री कर्मचाऱ्याला बोलावून, बाजूला नेऊन, क्षणभर नकाब वर करून ते काम होते, आणि त्यानंतर ती स्त्री नकाब खाली सोडून आपल्या आसनावर जाऊन बसू शकते. तिला विमानात चढू देत नाहीत, हे खरे नाही.

सुरक्षेची भीती मुळातच खोटी आहे, असे म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. लंडनमध्ये २१ जुलै २००५ रोजी फसलेल्या बाँबहल्ल्यांतला एक आरोपी, यासिन ओमर, दुसऱ्या दिवशी बुरखा घालून लंडनहून बसने बर्मिंगहॅमला पळाला, आणि बस स्थानकावरच्या कॅमेऱ्यात ते टिपले गेले होते. लंडनमध्येच नोव्हेंबर २०१३ मध्ये पोलिसांच्या निगराणीखालचा एक संशयित मशिदीत शिरला आणि बुरखा घालून निसटला. हे प्रसंग तुरळक आहेत, पण खरे आहेत. विमानाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला समोर कोण आहे हे कळलेच पाहिजे. ब्रिटनने यानंतरही सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर बंदी घातली नाही, हेही त्यासोबत नोंदवायला हवे. फ्रान्सने घातली. तिथला कायदा ऑक्टोबर २०१० मध्ये झाला, एप्रिल २०११ पासून लागू झाला आणि १५० युरोंपर्यंत दंड ठेवला गेला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये तो उचलून धरला, पण तो सुरक्षेच्या मुद्द्यावर नव्हे. सरसकट बंदीला सुरक्षेचे कारण पुरत नाही, गरज पडेल तिथे चेहरा दाखवायला सांगून भागू शकते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. समाजात एकत्र राहण्याच्या किमान अटी हा आधार त्याने मान्य केला. तो आधार पटो वा न पटो, सुरक्षेच्या नावाने फ्रान्सचा दाखला देणाऱ्यांनी निकालातला हा भाग वाचलेला दिसत नाही.

आता दुसरा दावा. ज्या प्रांतात मी राहते त्या क्वेबेकने २०१७ मध्ये सरकारी सेवा देताना आणि घेताना चेहरा उघडा हवा असा कायदा केला. बसमध्ये बसणेही त्यात येते की काय, यावरून मंत्र्यांना खुलासे करता करता पुरेवाट झाली, कारण इथे जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जातो आणि बसथांब्यावरच्या सगळ्यांचेच नाक-तोंड लोकरी मफलरखाली असते. मला त्या वेळी आमच्याकडचा मे महिना आठवत होता. बेचाळीस अंशांच्या उन्हात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, स्कार्फ असा बांधतात की डोळ्यांवरच्या गॉगलखेरीज काही दिसत नाही, आणि रुमाल गुंडाळलेल्या पुरुषांचीही तीच गत असते. बँकेच्या दारावर हेल्मेट आणि स्कार्फ काढून आत यावे अशी पाटी असते, ती वाचून कोणाचा धर्म दुखावत नाही, कारण ती सगळ्यांसाठी असते. क्वेबेकच्या कायद्यातले ते कलम न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्थगित केले. मग २०१९ मध्ये दुसरा कायदा आला. त्याने शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांना कामावर असताना धार्मिक चिन्हे घालायला बंदी केली, आणि तो वाद कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. विमानतळ मात्र केंद्राच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे हिजाब घातलेली तरुणी विमानतळावर माझी बॅग तपासू शकते, पगडी बांधलेला शीख अधिकारी मला बूट काढायला सांगू शकतो, पण त्याच वेशात त्यांना आज शहरातल्या सरकारी शाळेत शिक्षकाची नवी नोकरी मिळणार नाही. सुरक्षेची सर्वांत जास्त काळजी जिथे घेतली जाते तिथे धार्मिक पोशाखाची अडचण होत नाही, आणि चौथीच्या वर्गात होते. हा काय न्याय आहे, हे मला इतकी वर्षे राहूनही उमगलेले नाही.

झुनेरा इशाक या पाकिस्तानातून आलेल्या शिक्षिकेचे प्रकरण तर आपल्याकडच्या लोकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. नागरिकत्वाची शपथ घेताना नकाब उतरवलाच पाहिजे, असा आदेश कॅनडाच्या सरकारने डिसेंबर २०११ मध्ये काढला होता. शपथेआधी स्त्री अधिकाऱ्यासमोर चेहरा दाखवायला इशाक तयार होत्या, म्हणजे ओळखीचा प्रश्न तिथे शिल्लकच नव्हता. तरी सरकार अडून बसले, २०१५ च्या फेब्रुवारीत आणि मग सप्टेंबरमध्ये दोन न्यायालयांत हरले, आणि निवडणुकीच्या ऐन प्रचारात हा विषय गाजत राहिला. त्यांनी ऑक्टोबरमध्ये नकाब घालूनच शपथ घेतली. बाईच्या चेहऱ्यावर मते मागण्याची कला ही काही आपल्याकडचीच नाही.

आपल्या विमानतळांबद्दल एक गोष्ट इथल्या मैत्रिणींना मी अभिमानाने सांगते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण झाले आणि त्यानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. स्त्रियांची अंगझडती पडद्याच्या आडोशाला, स्त्री जवानाकडूनच होते. आपल्याला याची इतकी सवय आहे की त्यात काही विशेष वाटत नाही. इथेही स्त्रीची झडती स्त्रीच घेते, पण ती सगळ्यांच्या देखत, आणि आडोसा हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो. पहिल्यांदा भर रांगेत हात पसरून उभे राहावे लागले तेव्हा चिकलठाण्याच्या विमानतळावरचा तो पडदा मला फार आठवला.

आपली गफलत दुसऱ्या ठिकाणी आहे. पडदा आत असतो आणि ओळख बाहेर, दारातच तपासली जाते. तिकीट आणि ओळखपत्र पाहून चेहरा ताडणारा जवान बहुतेक वेळा पुरुष असतो. मागे बॅगा ढकलणारी, विमान चुकेल म्हणून चडफडणारी माणसे असतात. त्या घाईत नकाबवाल्या बाईला एक तर सगळ्यांसमोर चेहरा उघडावा लागतो, किंवा सोबतच्या नवऱ्याकडे पाहून तिला तशीच आत सोडले जाते. पहिल्यात तिचा अपमान होतो आणि दुसऱ्यात सुरक्षेचा बोजवारा उडतो. माझ्या मते दुसरे जास्त गंभीर आहे, पण दोन्हींवरचा उपाय एकच आहे आणि तो आधीच आत, काही पावलांवर उभा आहे. अंगाच्या झडतीसाठी आपण जी व्यवस्था केली ती चेहऱ्यासाठी दारापर्यंत आणायची राहिली.

हा मुद्दा सरळ असूनही तो ऐकून घेतला जात नाही. मराठवाड्यात हा विषय निघाला की निजाम आणि रझाकारांपर्यंत पोहोचायला चर्चेला दोन मिनिटे पुरतात, आणि तिथे पोहोचल्यावर जवान कुठे उभा करायचा हे कोण बोलणार? जानेवारी २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांना पत्र लिहून दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरख्याला परवानगी देऊ नये अशी मागणी केली. कारण दिले ते कॉपीचे. आमच्या भागातल्या परीक्षा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे कारण ऐकून हसू आवरले नसेल. आमच्याकडे कॉपी येते ती खिडकीतून. ती पोहोचवण्यासाठी शाळेच्या भिंतीवर चढलेले भाऊ, काका आणि मित्र वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत उघड्या चेहऱ्याने दिसतात. डमी उमेदवाराचा धोका मात्र खरा आहे. म्हणून प्रवेशपत्राशी चेहरा ताडायलाच हवा, आणि ते काम पर्यवेक्षिकेने शेजारच्या खोलीत केले तर वेळही लागत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ही रीत आहेच. पारंपरिक किंवा धार्मिक पोशाखात येणाऱ्यांनी तपासणीसाठी केंद्रावर लवकर पोहोचावे, अशी सूचना दिलेली असते. लातूरला या परीक्षेसाठी जिल्ह्या-जिल्ह्यांतून मुली येऊन राहतात, त्यांना आणि त्यांच्या पालकांना हा नियम पाठ आहे. २०२४ मध्ये त्याच नीटच्या गैरप्रकारांचे धागेदोरे लातूरपर्यंत आले, तेव्हा चौकशी झाली ती शिक्षकांची. त्यात कोणाच्या नकाबाचा संबंध नव्हता.

मतदानाचेही तसेच. १३ मे २०२४ रोजी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये मतदान चालू होते, त्याच दिवशी हैदराबादेत भाजपच्या उमेदवार माधवी लता मतदान केंद्रात बुरख्यातल्या स्त्रियांना चेहरा दाखवायला सांगतानाची चित्रफीत पसरली आणि त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. एखाद्या मतदाराच्या ओळखीबद्दल शंका असेल तर उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने दोन रुपये भरून केंद्राध्यक्षांकडे आक्षेप नोंदवावा, आणि निर्णय केंद्राध्यक्षांनी द्यावा, अशी तरतूद निवडणूक नियमांत १९६१ पासून आहे. पडदानशीन मतदारांसाठी स्त्री कर्मचारी नेमण्याची रीतही आहे. दोन रुपयांत जे होते ते सोडून कॅमेऱ्यासमोर बुरखा वर करायला लावणाऱ्याला मतदाराची ओळख पटवायची नसते, असे मी समजते.

आता ज्यांना माझे इथवरचे लिहिणे आवडले असेल त्यांच्यासाठी. चेहरा दाखवायला सांगणे हाच धर्मावरचा घाला आहे, असे म्हणणारे आपल्याकडे आहेत, आणि त्यांची बाजू मला लंगडी वाटते. साक्ष आणि ओळख यांसाठी स्त्रीने चेहरा उघडायला बहुतेक मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांनी मुभा दिलेली आहे. हजला जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या पासपोर्टवर हनुवटीपासून कपाळापर्यंत उघड्या चेहऱ्याचे छायाचित्र असते, आणि इहराममध्ये, म्हणजे हजच्या विधींसाठी पाळायच्या अवस्थेत असताना, नकाब घालायचाच नसतो. छत्रपती संभाजीनगरहूनही हजची विमाने गेलेली आहेत, तेव्हा यात नवे काही सांगते आहे असे नाही. मतदार यादीत छायाचित्र नको, या मागणीला जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही थारा दिला नाही, आणि ते योग्यच झाले.

आणखी एक प्रसंग दोन्ही बाजूंनी आठवावा. २०१० च्या अखेरीस अमेरिकेत ह्यूस्टनच्या विमानतळावर संयुक्त राष्ट्रांतले भारताचे प्रतिनिधी हरदीपसिंग पुरी यांना पगडीच्या तपासणीसाठी अडवले गेले, आणि मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या विमानतळावर साडी नेसलेल्या राजदूत मीरा शंकर यांची सर्वांदेखत अंगझडती झाली. देशभर संताप झाला, परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी निषेध केला. नांदेडच्या हुजूर साहिबशी आमच्या गावाचे नाते असल्यामुळे पगडीचा अपमान तिथे जरा जास्तच लागला. तपासणी नको, असे त्या वेळी कोणी म्हणत नव्हते. ती कशी झाली, कोणासमोर झाली, यावर राग होता. हाच राग दारात थांबवलेल्या नकाबवाल्या बाईबद्दल का येत नाही, हा प्रश्न मी माझ्या वर्गमित्रांच्या गटात विचारला तेव्हा बराच वेळ कोणी काही लिहिले नाही.

नकाब मला स्वतःला आवडत नाही. बाईने चेहरा झाकून जगावे ही अपेक्षा मला जाचक वाटते, आणि हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करून जी वाट धरली तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ती वाट बोलण्याची, मोर्च्याची, कायद्याची होती. रांग पुढे सरकवण्याची घाई असलेल्या जवानाकडून किंवा परीक्षेच्या पर्यवेक्षकाकडून समाजसुधारणा करून घेण्याची ती नव्हती.

डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीच्या विमानतळांपासून सुरू झालेल्या डिजियात्रा या सोयीत दारावरचा कॅमेराच चेहरा ओळखतो. ती ऐच्छिक आहे. नकाब घालणाऱ्या काही जणींना जवानापेक्षा यंत्रासमोर चेहरा उघडणे सोपे वाटेलही. पण यंत्राला चेहरा जुळला नाही तर प्रवाशाला पुन्हा माणसाकडेच जावे लागते, आणि आधार जोडून आपला चेहरा नोंदवायची ज्यांची तयारी नाही त्यांना तर पहिल्यापासून तीच रांग आहे. त्या रांगेच्या दाराशी प्रत्येक पाळीत एक स्त्री जवान आणि हातभर आडोसा असावा, एवढी मागणी मराठवाड्यातल्या खासदारांनी आपल्या भागातल्या विमानतळांसाठी लेखी करायला हरकत नाही. त्याला कायदा बदलावा लागत नाही.