चकाचक करून दिलंय म्हणे!

कुणी सांगितलं होतं घासायला? मी? एका शब्दाने तरी म्हणालो होतो का?

कोल्ट १८५१ नेव्ही, जुनं अमेरिकन रिव्हॉल्व्हर. फोटोत पाहिलं तेव्हाच जीव अडकला होता. छान तपकिरी पडलेलं, अष्टकोनी नळीच्या कडा शाबूत, आणि सिलिंडरवर, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर, भिंग धरून बघितलं तर जहाजांची शिडं दिसत होती. शिडं! भाव ठरला, कागदपत्रं झाली, न्यायला गेलो, तर विकणाऱ्या गृहस्थांनी मखमली कापडातून जे काढलं ते नव्या नळासारखं लखलखत होतं. वर तोंडभर हसून म्हणतात, "तुम्हाला द्यायचं म्हणून खास चकाचक करून घेतलंय. बफिंग मारलंय. त्याचे थोडे वर द्या."

वर द्या!

त्या सिलिंडरवर १६ मे १८४३ची टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारांची लढाई कोरलेली असते. ऑर्म्सबी नावाच्या नक्षीकाराने साचा कोरला आणि तो सिलिंडरवर दाबून फिरवत चित्र उठवायचे. खोली ती किती, नखाला जेमतेम लागेल एवढी. दीडशे वर्षं ती शिडं टिकली. ओल, घाम, दारूगोळ्याची काजळी, माळ्यावरची धूळ, सगळ्याला पुरून उरली. आणि या माणसाच्या बफिंगच्या चाकाने एका दुपारी अख्खं आरमार बुडवलं. दोन्ही बाजूंचं! तारखेतला '१८'चा अर्धा आकडा तेवढा उरलाय. नळीवरचा कोल्टचा पत्ता आता बोटांनी चाचपून वाचायचा. स्क्रूच्या भोकांच्या कडा आत बसल्यात. फ्रेमवर कडेकोपऱ्यात केस हार्डनिंगचे, म्हणजे पोलाद वरून कडक करताना उमटणारे, निळे-करडे ढग थोडे तग धरून होते, तेही गेले. पितळेवर कुठेकुठे मूळ चांदीचा मुलामा होता, तोही "डाग वाटला" म्हणून काढला.

डाग वाटला म्हणून काढला. हे वाक्य मी पुन्हा एकदा लिहितो, कारण रात्री झोप लागत नाही.

आणि बफिंगवर भागलं नाही. आधी उघडून बघितलंय. घरातल्या साध्या स्क्रू ड्रायव्हरने. आम्ही इथे खाचेच्या मापाची, दोन्ही बाजू समांतर घासलेली पाती जमवत बसतो आणि हे महाशय निमुळतं पातं खाचेत घालून कचाकच पिळतात. स्क्रूची डोकी अशी चावलेली की बघवत नाहीत. नळी जागेवर धरणारी पाचर हातोडीने ठोकून काढलीय हे तर मला लांबूनच कळलं.

माझा आवाज एवढा चढला की आतून त्यांची बायको धावत आली. तिला वाटलं, पैशांवरून चाललंय. पन्नाशीचा माणूस, हातात पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग, आणि ओरडतोय काय तर "माझी जहाजं कुठायत?" तिने मला पाणी आणून दिलं. जरा लांबूनच दिलं.

पण राग एकट्या त्यांच्यावर नाहीच आहे. ही जमातच आहे. वेब्ली मार्क सिक्स हे इंग्रजी रिव्हॉल्व्हर बघा. .४५५ची गोळी मिळत नाही म्हणून कोण्या दीडशहाण्याने सिलिंडरची मागची बाजू तासून .४५ एसीपी ही अमेरिकन पिस्तुलाची गोळी बसेल असं करून ठेवलं, आणि आता दहा वेब्ली बघा, न तासलेली मिळाली तर नशीब. ल्युगर या जर्मन पिस्तुलाचं तर बोलूच नका. बारक्याबारक्या भागांवरसुद्धा नंबरचे शेवटचे दोन आकडे असतात, म्हणून एकाचा टॉगल, म्हणजे वरचा सांध्याचा भाग, दुसऱ्याला बसवायचा, जुना आकडा घासायचा, नवा ठोकायचा, आणि "ऑल मॅचिंग", म्हणजे सगळे नंबर जुळणारं, म्हणून माथी मारायचं. ठोकायचं तर निदान ठसा तरी त्या काळच्या वळणाचा घ्या! लबाडीतसुद्धा आळस. आणि अमेरिकन सैन्यातलं मॅट फिनिशचं १९११ पिस्तूल निकेल करून घेणारे? त्यांच्याशी मी बोलत नाही. घरातल्या एकाशी खरंच बोलत नाही.

मग ते "मूळ होल्स्टरसकट जपून ठेवलंय" वाले. चामड्यात ठेवलंय, अभिमानाने! चामड्यातली रसायनं आणि ओल खालच्या बाजूने ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा थर, खाऊन टाकतात. वरून पिस्तूल देखणं, उलटं केलं की खड्डेच खड्डे.

आणि घरी येणारे पाहुणे. पहिला प्रश्न, "चालतं का हो?" दुसरा, "किती जणांना मारलं असेल याने?" तिसरा प्रश्न नसतोच, कारण तोवर कपाटातलं रिव्हॉल्व्हर उचललेलं असतं, सिनेमातल्यासारखं सिलिंडर गरगर फिरवलेलं असतं आणि मनगटाच्या झटक्याने खटकन बंद केलेलं असतं. सिलिंडर बाहेर काढणारा दांडा, क्रेन, वाकते, माणसांनो! भरलंय की रिकामं, हेसुद्धा न बघता हे सगळं! आता मी पाहुणे आले की कपाटाची किल्ली खिशात घालून बसतो. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही संग्राहक नाही, तुरुंगाधिकारी आहात. म्हणो बापडी. तिच्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाला हात लावणारे हात मीच स्वच्छ करून देतो. म्हणजे धातू जपायला लावायच्या माझ्या मेणाला, तिच्या हातांना. बघा, रागात वाक्यंही धड होत नाहीत.

तर, घेतलं नाही. हात हलवत परत आलो, आणि दाराशी पोचेपर्यंत फोन.

"तुम्ही फारच नाराज झालात, वाईट वाटलं. आमच्याकडे आणखी एक आहे. लाकडी पेटीतलं, त्याच्याबरोबर बारुदाची कुपी आणि गोळ्या ओतायचा साचाही आहे. जरा काळवंडलंय, पण काळजी करू नका, उद्या चाकावर देतो."

मी फोनवर काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण उद्या ते चाक सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्या दारात उभा असणार. मेहेरबानी करून तोवर त्या पेटीवरची धूळसुद्धा कुणी झटकू नका.