मोबाइलवर उघडला म्हणून ईपब बिनचूक ठरत नाही

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: शेतकरी गटासाठी किंवा गावच्या वाचनालयासाठी पुस्तिका करायची तर स्फिंक्समध्ये (साध्या मजकुरातून पुस्तक बनवणाऱ्या मुक्त साधनात) लिहा आणि ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, काढा. मुक्त साधन प्रमाण पाळतंच. मोबाइलवर उघडलं की तपासायची गरज नाही.

‘साधन प्रमाण पाळतं’ हे बरंचसं खरं. ईपब म्हणजे झिप फाइल. तिच्यात ‘माइमटाइप’ ही फाइलीचा प्रकार सांगणारी छोटी फाइल सर्वांत आधी आणि कॉम्प्रेस न करता ठेवावी लागते. स्फिंक्स ते चोख करतं. बिघडवतो आपणच: मुखपृष्ठ बदलायला फाइल उलगडून मोबाइलवर पुन्हा झिप केली की तो क्रम गेला.

‘उघडलं’ हा मात्र पुरावाच नव्हे. गुलाबी बोंडअळीच्या पुस्तिकेत डोमकळीचा (अळी लागून न उमललेल्या फुलाचा) फोटो कच्च्या एचटीएमएलने, म्हणजे हाताने लिहिलेल्या वेबपानाच्या कोडने, वेबसाइटच्या पत्त्यावरून जोडला, तर स्फिंक्स त्या तुकड्याला हात लावत नाही. यवतमाळात रेंजमध्ये एखाद्या ॲपवर फोटो दिसेलही. मेळघाटात नुसती रिकामी चौकट. ईपब ३.३ प्रमाणानुसार (वेबची प्रमाणं ठरवणारी संस्था डब्ल्यू३सी, मे २०२३) चित्र फाइलीच्या आतच हवं. त्याच तुकड्यात ‘बीआर’ हा ओळ तोडणारा टॅग बंद करायचा राहिला, तर कडक ॲपवर अख्खं प्रकरण उघडत नाही. ईपबचेक हे ईपब तपासणारं साधन पहिल्या चुकीला आरएससी-००६ हा चूक-क्रमांक दाखवतं, दुसरीला आरएससी-०१६. कच्चं एचटीएमएल काढून टाका, इमेज डिरेक्टिव्ह (चित्र जोडायची स्फिंक्सची स्वतःची सूचना) वापरा. बाहेरचं चित्रही स्फिंक्स उतरवून आत घेतं.

मग ‘ईपबचेक शून्य चुका दाखवतं, म्हणजे झालं’? तेही नाही. स्फिंक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहिली नाही तर फाइलीवर इंग्रजीची नोंद पडते. नोंद वैध, म्हणून ईपबचेक गप्प. पण वाचून दाखवणारं ॲप मराठीला इंग्रजी आवाज लावू शकतं.

दुवे त्याहून फसवे. देवनागरी शीर्षकापासून स्फिंक्सला ओळखखूण (दुवा जिथे पोचतो ती) बनवता येत नाही, म्हणून ते ‘आयडी१’, ‘आयडी२’ असे क्रमांक देतं. मध्येच ‘कामगंध सापळे’ हा भाग घातला की त्याच पानावरचे पुढचे क्रमांक सरकतात आणि हाताने लिहिलेला दुवा भलत्याच परिच्छेदावर नेतो. खूण अस्तित्वात असतेच, त्यामुळे इथेही तक्रार नाही. प्रत्येक शीर्षकावर रोमन लिपीत स्वतःचं लेबल द्या आणि दुवा त्यालाच जोडा.

जुन्या डीटीपीतून (छपाईसाठीच्या संगणकी मांडणीतून) कृतिदेव या जुन्या फाँटमधला मजकूर आणला असेल तर खरं तर ती रोमन अक्षरंच असतात. वाचकाने फाँट बदलला की सगळी गिचमिड. तयार ईपबमध्ये ‘कापूस’ शोधून बघा. समोर दिसत असूनही सापडला नाही तर आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फाँटमध्ये देवनागरीच राहणाऱ्या अक्षरांत, आणा, बाकीची तपासणी नंतर.