बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासाठी पंचायतीने काय करायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंडोनेशियातल्या पीट जमिनींवरच्या, म्हणजे पालापाचोळा साचून बनलेल्या दलदलींवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "तिकडच्या दलदलीचं आम्हाला काय? इथे निधी बेंगळूरहून येतो, निर्णयही तिथेच होतात. पंचायतीने नुसते ठराव करायचे का?" तुमचा राग पटतो, निष्कर्ष पटत नाही.

स्थानिक सत्ता म्हणजे सगळं चांगलंच, असं मी म्हणत नाही. इंडोनेशियात अधिकार खाली आल्यावर जिल्हाप्रमुखांनीच पामच्या मळ्यांना सढळ हाताने परवाने दिले. मळ्यांसाठी चर खणून पाणी काढलं, की हजारो वर्षं न कुजता साचलेला पालापाचोळ्याचा थर वाळतो आणि पेटतो. २०१५ च्या आगींत तिथली सुमारे २६ लाख हेक्टर जमीन होरपळली. पीटमधलं पाणी ४० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही, असा तिथे नियम आहे. पण चरावर घातलेला बांध उन्हाळाभर टिकला की कुणी फोडला, हे जकार्ताला दिसत नाही. त्याला गावच लागतं.

आपल्याकडे पीट नाही, बळ्ळारी नाला आहे. दोन दिवस पाऊस लागून राहिला की नाला फुगतो, शहापूर-वडगावच्या शिवारात पाणी तुंबतं, नुकतंच लावलेलं भात कुजतं आणि शेतकरी दुबार लागवडीसाठी रोपं शोधत हिंडतो. नाला कुठे महापालिकेच्या हद्दीत, कुठे पंचायतीच्या. एकाने गाळ काढला आणि पुढच्याने जलपर्णी तशीच ठेवली, तर केलेला खर्च वाया जातो.

लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास हे विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठीच दिलेले आहेत. पैसा पुरेसा मिळत नाही, हे तुमचं अगदी खरं. पण काठावर भराव कुणी टाकला, पात्र कुठे आवळलं, हे कळायला पैसा लागत नाही. "नाला साफ करावा" एवढाच ठराव फाइलीत पडून राहतो. त्यात सर्व्हे नंबर घाला, भरावाचे फोटो जोडा, मोजणीची मागणी लिहा, मग पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) उत्तर द्यावं लागतं. आणि इतिवृत्त कन्नडमध्ये असतं, तेव्हा सही करण्याआधी ते कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. आपल्या माणसांचं इथेच फार नुकसान होतं.

पावसाळ्याआधी नाल्याकाठच्या सगळ्या पंचायती आणि महापालिका एकत्र बसल्या पाहिजेत. ही मागणी तुम्ही वॉर्ड सभेत मांडा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर इथेच कळवा, मराठी आणि कन्नड दोन्हींत करून देतो.