बेकारी एवढंच कारण नाही

‘बेकारी वाढली की लोक स्थलांतरितांविरुद्ध मत देतात’ हे लेखातलं विधान फारच सरधोपट वाटलं. ब्रिटनचंच घ्या. 2016च्या सार्वमतात परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या लंडनने सुमारे 60 टक्के मतं युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने दिली. उलट लिंकनशायरमधल्या छोट्या बॉस्टनमध्ये 75 टक्क्यांहून अधिक लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. तिथे शेतात, भाजीच्या पॅकिंगमध्ये कामाची कमतरता नव्हतीच. म्हणून तर पूर्व युरोपातले मजूर आले! खटकला तो बदलाचा वेग. 2004 मध्ये पोलंडसह नवे देश संघात आले, तेव्हा तिथल्या मजुरांसाठी जर्मनीने 2011 पर्यंत दार रोखून धरलं, ब्रिटनने पहिल्याच दिवशी उघडलं. वर्षाला फार तर 13 हजार येतील, हा सरकारी अंदाज पार कोसळला.

त्यात 2010 नंतर स्थानिक परिषदांच्या निधीला कात्री लागली. दवाखान्यात रांग लांबली की माणूस अर्थसंकल्प वाचत बसत नाही, पुढे उभ्या असलेल्या परक्याकडे बघतो. आणि बाहेर पडून काय झालं? जून 2023 पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) 9 लाखांवर गेलं, फक्त येणाऱ्यांचे देश बदलले. लेखात याचा उल्लेखही नसावा?