तडजोड झाली, पण बांधील कोण?

‘मागण्या मान्य’ अशी बातमी आली की संप मिटतो. मान्य नेमके काय झाले आणि ते पाळले गेले नाही तर दाद कुठे मागायची, यावरून शनिवारी आमच्या कट्ट्यावर चांगलीच जुंपली. एसटीत वाहक असलेल्या मित्राचे म्हणणे होते, “सरकारने आकडा जाहीर केला म्हणजे ते देणे लागते. लेखी करारासाठी अडून बसून पुढाऱ्यांनी आमचेच नुकसान केले.”

कामगार न्यायालयात वकिली करणाऱ्या मैत्रिणीने त्याला त्याच्याच महामंडळाचे उदाहरण दिले. जून २०१८ मध्ये एसटी कामगारांच्या वेतनवाढीसाठी ४,८४९ कोटी रुपयांची घोषणा झाली, पण त्यावर मान्यताप्राप्त संघटनेची सही नव्हती, आणि काही दिवसांतच राज्यभर अचानक संप झाला. “अरे, १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाचे कलम १८ काय सांगत होते? वाद मिटवणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेली तडजोड आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांवर, उद्या नोकरीला लागणाऱ्यांवरसुद्धा बंधनकारक असते. मुदत संपली तरी लेखी नोटीस देऊन दोन महिने उलटेपर्यंत ती सुटत नाही. महाराष्ट्रात तर अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्याने करार न पाळणे हीच अशी प्रथा ठरवली आहे, त्यामुळे औद्योगिक न्यायालयात थेट तक्रार करता येते. नुसत्या घोषणेवर यातले काय मिळेल तुला?” नोव्हेंबर २०२५ मध्ये १९४७ च्या अधिनियमाच्या जागी केंद्राची नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असली, तरी तडजोडीच्या बंधनाचे तत्त्व तिच्यातही कायम आहे.

वाहक मित्र मागे हटला नाही. “ज्याने सही केली नाही, ज्याने त्या संघटनेची वर्गणीही कधी भरली नाही, त्याच्या वतीने चार जणांनी मुंबईत बसून सही करायची आणि आगारातल्या माणसाने ती निमूट मानायची, हा कुठला न्याय?” हा आक्षेप मला वजनदार वाटतो. वेतनवाढीच्या बदल्यात एखादी सवलत सोडून दिली गेली, तर ते कामगाराला पगारपत्रक हातात पडल्यावरच कळते. तरीही प्रत्येक कामगार मोकळा राहिला तर व्यवस्थापनही मोकळेच राहील, आणि त्यात हरणार कामगारच. म्हणून सह्या होण्यापूर्वी कराराचा मसुदा प्रत्येक आगारात वाचून दाखवला गेला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हटले, आणि तेवढ्यापुरते आमचे एकमत झाले.

इतका वेळ गप्प बसलेला मंत्रालयातला मित्र मग बोलला. “हे सगळे महामंडळवाल्यांचे झाले. आमच्या सेवाशर्ती ठरतात संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खालच्या नियमांनी आणि आमचे दावे चालतात मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात. आम्ही कोणत्या करारावर बोट ठेवायचे?” जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ मार्च २०२३ रोजी सुरू झालेला संप २० मार्चला मागे घेतला गेला, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या पदरात एक समिती आणि आश्वासन होते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारण्याचे ठरवले. मूळ मागणी मात्र १९८२ च्या नियमांनुसार निवृत्तिवेतन मिळावे ही होती. बैठकीच्या इतिवृत्तात ‘शासन सकारात्मक आहे’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते घेऊन न्यायाधिकरणासमोर उभे राहता येत नाही.

माझ्या मते खरी उणीव इथे आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे; तिच्यात वेतन-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा यांवर एकमत झाले नाही तर विषय लवाद मंडळाकडे नेण्याची सोय आहे, आणि संसदेचा अंतिम अधिकार राखून त्या मंडळाचा निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक मानला जातो. राज्य सरकारनेही स्वतःला असे बांधून घेतले पाहिजे. लाखो माणसांना कामावर परत बोलावताना दिलेला शब्द पुढच्या मंत्र्याच्या मर्जीवर सोडणे मला अन्यायाचे वाटते.

मंत्रालयातल्या मित्राने मग एका सहकाऱ्याची अडचण सांगितली: पदोन्नतीचा दावा मागे घे, महिन्याभरात आदेश काढतो, असे त्याला वरिष्ठांनी सुचवले होते. वकील मैत्रीण एकदम म्हणाली, “दावा मुळीच मागे घ्यायला सांगू नकोस. मान्य झालेल्या अटी लेखी करून न्यायाधिकरणाच्या अभिलेखावर आणा आणि त्यावर आदेश घ्या. मग शब्द मोडला तर अवमान याचिकेचा मार्ग राहतो.” प्रकरण लोकअदालतीत मिटले तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ नुसार तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा ठरतो आणि त्यावर अपील नसते. उच्च न्यायालयात रिट करता येते, पण तीही फार मर्यादित कारणांवर. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचलीच पाहिजे.

“मग कंत्राटी पोरांनाही तडजोडीने कायम करून टाका,” वाहक मित्र म्हणाला. तिथे मात्र नियमांची भिंत आहे. भरतीची रीत डावलून झालेल्या नेमणुका कायम करण्याला सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी निकालात लगाम घातला. मात्र २००९ मध्ये एसटी महामंडळाच्याच प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचा कायम करण्याचा अधिकार त्या निकालाने जात नाही. हे ऐकून वाहक मित्राने आपल्या आगारातल्या सफाई कामगारांच्या हजेरीच्या नोंदी कोणाकडे आहेत, याची चौकशी करायचे ठरवले, आणि मंत्रालयातल्या मित्राने सहकाऱ्यासाठी तीन प्रश्न लिहून घेतले: आदेश कोण काढणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि सही करणाऱ्याकडे वित्त विभागाची मान्यता आहे का.