टेंगूळ कुठंय?

अडीच हजार रुपये. अडीच हजार! आणि टेंगूळच गायब.

जुन्या कार्टूनांचा डबा मागवला होता. चार डिस्कचा, वर सोनेरी अक्षरांत ‘संपूर्ण’. एकवीस दिवस वाट बघितली. कुरिअरवाला दोनदा ‘घर बंद आहे’ असं लिहून परत गेला, आणि दोन्ही वेळा मी दारात खुर्ची टाकून बसलेलो. शेवटी ४३ डिग्रीत, भर दुपारी, डोक्याला टॉवेल गुंडाळून सात रस्त्याला जाऊन मीच घेऊन आलो. पुण्याहून भाचा आलाय सुट्टीला. त्याला म्हटलं, मोबाईल ठेव बे खाली, आज तुला खरी कार्टून दाखवतो.

डिस्क घातली. आधी इशारा. चोरून कॉपी करणं हा गुन्हा आहे. इंग्रजीत. मग फ्रेंचमध्ये. मग आणखी कुठल्या तरी भाषेत, जी सोलापुरात कुणाच्या बापाला येत नाही. पुढे ढकलायला बटण दाबावं तर कोपऱ्यात फुली येते, म्हणजे बस गप. अरे, ज्यानं पैसे मोजले त्यालाच चोर म्हणताय? गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेत, वीस रुपयाला घेतलेल्या सीडीनं आजवर मला एकदाही चोर म्हटलं नाही. ती बिचारी घातली की सुरू.

आता मुख्य गोष्ट. कुत्रा बोक्याच्या डोक्यात फळी घालतो. पुढे काय होतं ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. टेंगूळ येतं. लालबुंद, गुळगुळीत, पुंगीच्या आवाजावर हळूहळू वर चढत जाणारं. बोका ते बोटानं आत दाबतो, ते दुसऱ्या बाजूनं वर येतं. चार सेकंदांचा मामला, पण सगळं कार्टून त्या चार सेकंदांसाठी केलेलं असतं. इथे फळी बसली, पुंगी वाजली, बोक्यानं बोट वर नेलं आणि बोट स्क्रीनच्या बाहेर! टीव्हीवर नुसते दोन डोळे आणि मिशा. भाचा विचारतो, “मामा, तो काय करतोय?” म्हटलं, टेंगूळ दाबतोय. “कुठंय टेंगूळ?” मी उठलो आणि टीव्हीच्या वर, भिंतीवर, पालीच्या शेजारी बोट ठेवलं. इथे.

पोरगं माझ्याकडे असं बघायला लागलं की याच माणसाला ऊन लागलंय.

चित्र ४:३ चं, म्हणजे जवळपास चौकोनी; टीव्ही १६:९ चा, म्हणजे आडवा. बाजूला दोन काळ्या पट्ट्या आल्या असत्या तर कुणाच्या घरचं काय गेलं असतं? पण नाही. पट्ट्या दिसल्या की लोकांना वाटतं टीव्ही बिघडला, म्हणून वरून-खालून मिळून चित्राचा चौथा हिस्सा छाटून मोकळे. चादर पलंगाला मोठी पडली म्हणून कुणी काठ कापतं का हो? आमच्याकडे असं केलं तर विणकर घरी येऊन शिव्या घालेल. आणि वर ‘रिस्टोअर्ड’! धूळ काढायला म्हणून कॉम्प्युटर फिरवला, त्यानं धुळीबरोबर रेघाही खाल्ल्या. बोका जोरात पळाला की त्याचे पायच विरघळतात. कॉम्प्युटरला वाटलं असणार, एवढं हलतंय म्हणजे कचराच.

यात कायद्याची गंमत अशी की अमेरिकेत जुन्या चित्रपटांचा हक्क २८ वर्षांनी नव्यानं नोंदवावा लागायचा. कितीतरी कार्टूनांचा कुणी नोंदवलाच नाही. ती बेवारस झाली, आणि बेवारस मालावर कुणीही डिस्क छापावी, ‘संपूर्ण’ लिहावं, अडीच हजार उकळावेत.

बरं, ज्यांच्याकडे हक्क आहेत ते तरी कुठे सुधे आहेत? टॉम अँड जेरी घ्या. हॅना आणि बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ मध्ये ११४ केली, सात ऑस्कर मिळवले. २०११ मध्ये त्यांचा ब्लू-रे डिस्कवरचा पहिला खंड आला, ३७ कार्टूनं, झकास. दुसरा २०१३ मध्ये येणार म्हणून जाहीर झाला. मग कळलं की त्यातून दोन कार्टूनं वगळली आहेत. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला, तर कंपनीनं दोन परत घालायची सोडून अख्खा खंडच रद्द केला! ताटात लोणचं नाही म्हणून तक्रार करावी आणि वाढप्यानं ताटच उचलून न्यावं. त्या दोन्हींत काळ्या माणसांची थट्टा आहे आणि ती आज बघवत नाही, मान्य. पण लूनी ट्यून्सच्या, म्हणजे बग्ज बनी सशाच्या कार्टूनांच्या, २००५ च्या तिसऱ्या खंडात आधी व्हूपी गोल्डबर्ग ही काळी अभिनेत्री येते आणि सरळ सांगते की यातलं काही चुकीचं आहे, पण ते लपवलं तर ते घडलंच नव्हतं असं होईल. इशारा द्यायचा तर असा द्या. तो पुढे ढकलता आला नाही तरी मी ऐकून घेईन.

ती लूनी ट्यून्सची मालिका म्हणजे शहाण्या माणसांनी केलेलं शेवटचं काम. २००३ ते २००८, सहा खंड, प्रत्येकात चार डिस्क. पण डिस्कवाल्यांनी जगाचे तुकडे पाडलेत, त्याला रीजन म्हणतात; एका रीजनची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही. त्या अमेरिकेच्या, रीजन एक. आपण रीजन पाच. बोका तोच, फळी तीच, पण आमच्या प्लेअरला तो बोका परका. नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे प्लेअर नेला, त्यानं रिमोटवर काहीतरी नंबर दाबले आणि दोन मिनिटांत जगातली सगळी रीजनं उघडली. पन्नास रुपये घेतले. वर म्हणाला, “मालक, हे आता कोण बघतंय? पेनड्राईव्ह आणा, सगळं टाकून देतो.”

सगळं टाकून देतो म्हणे! आमच्या घरातही हेच. बायको म्हणते नेटवर बघा की. बघा की! मार्च २०२५ मध्ये तिकडच्या एका बड्या स्ट्रीमिंगवाल्यानं लूनी ट्यून्सची जुनी कार्टूनं एका फटक्यात काढून टाकली. आमच्या नळासारखं आहे ते, आज आहे, उद्याचं विचारू नका. म्हणून डिस्क लागते. कपाटात दिसली पाहिजे. ‘टॉय स्टोरी’वाल्या पिक्सारनं नाही का आपल्या छोट्या फिल्म २००७ मध्ये १३ आणि २०१२ मध्ये १२ अशा दोन डिस्कवर नीट दिल्या? म्हणजे जमतं. मनात असलं की जमतं.

“तुमचं वय किती?” बायको स्वयंपाकघरातून. मी ऐकलं नाही असं दाखवलं. “सात मिनिटांच्या बोक्यासाठी अडीच हजार. आणि मिक्सरचं भांडं सहा महिने गळतंय.” आता याला काय उत्तर आहे? खरं सांगायचं तर माझ्याकडे आधीच तीन ‘संपूर्ण’ डबे आहेत. त्यातली निम्मी कार्टूनं तीच तीच आहेत. एक डबा अजून फोडलेला नाही. हे तिला माहीत नाही, तुम्ही सांगू नका.

शेवटी माळ्यावरून गड्ड्याची ती वीस रुपयांची सीडी काढली. कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का, मध्येच बिस्किटाच्या जाहिरातीचा तुकडा, रंग विटलेले. पण चौकोनी! फळी बसली, पुंगी सुरू झाली, मी भाच्याला म्हणतोय बघ, आता बघ...

“पाणी आलं!” चार दिवसांनी आलं. चार दिवस जपून ठेवलेला मुहूर्त नेमका हाच. घर उठलं. मी बादली घेऊन मोरीत पळालो, नळाखाली वाकलो, आणि घाईत उठताना लोखंडी फळीच्या कोपऱ्याला असं डोकं आपटलं की डोळ्यांपुढे तारे.

बाहेर आलो तेव्हा भाचा टीव्ही सोडून माझ्याकडेच बघत होता.

“मामा,” म्हणाला, “तुमचं पूर्ण दिसतंय.”